आधी पावसाळा पाहा, मग थापी हातात घ्या

रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाचं मंदिर आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दुरुस्तीचं काम चालू असताना भिंतीवरचे जाड थर काढले गेले आणि खालून एक संस्कृत शिलालेख बाहेर आला. लेख तुटका आहे, बराच भाग गेलेला आहे. पण उरलेल्या ओळींवरून अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की हे देऊळ वाकाटक घराण्यातल्या एका लेकीने आपल्या आईच्या पुण्यस्मरणासाठी उभारलं असावं. ती आई म्हणजे प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा गेल्यावर मुलगा लहान असताना तिने विदर्भाचा कारभार स्वतः चालवला आणि स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले. इतक्या जुन्या काळात एका बाईने राज्य चालवल्याचा एवढा स्पष्ट पुरावा आपल्याकडे दुर्मीळ आहे.

हा शिलालेख शतकानुशतकं थरांखाली झाकलेला होता. ते थर कुणी घाईने हातोडा आणि पहारीने पाडले असते, किंवा त्यांच्यावरच टाइल बसवल्या असत्या, तर एका लेकीने आईसाठी कोरून ठेवलेलं स्मरण आपल्याला कधीच कळलं नसतं. म्हणून जुन्या स्मारकाला हात लावण्याआधी थांबावं, पाहावं, लिहून ठेवावं. दगड, चुना, माती, अक्षर, झिजलेली पायरी यांतच ते स्मरण असतं. ते काढून त्या जागी ग्रॅनाइटचा चकचकीत ओटा बांधला तर बाईचं नाव राहील, पण तिच्या काळाशी असलेला धागा तुटेल.

गिरड, समुद्रपूर, मांडगाव, नंदोरी, हिंगणघाट या पट्ट्यातल्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. आपल्या गावांत मोठे किल्ले-राजवाडे थोडे. पण पाणी नव्हतं तिथे विहीर बांधून देणारी एखादी बाई, मुलींना शाळेत घालायला घरोघर फिरलेली शिक्षिका, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेली आजी, गावाला पहिल्यांदा औषध देणारी सुईण, अशा बायांच्या खुणा शोधल्या तर सापडतात. कुठे विहिरीच्या कठड्यावर नाव असतं, कुठे समाधीचा ओटा, कुठे कन्याशाळेची पडकी इमारत. जयंती जवळ आली की कुणाच्या तरी मनात येतं, याचा जीर्णोद्धार करू. इच्छा चांगलीच असते. पुढचं सगळं त्या इच्छेला योग्य वाट मिळावी म्हणून आहे.

सुरुवात कागदापासून करा. जागा कुणाची, हे ठरल्याशिवाय एक दगडही हलवू नका. सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८, गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका, आणि शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी. वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला असल्यामुळे आपल्याकडे आणखी दोन कागद असतात, त्यांचा विसर पडतो: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाचे सामाईक पाणवठे, स्मशानं, वाटा, चराई यांचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. बाईने गावाला दिलेली विहीर आज कुणाच्या शेतात दिसत असली, तरी ती सामाईक होती की नाही याचा उलगडा तिथे होऊ शकतो. तालुक्याला नाही मिळालं तर राज्य पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात विचारा.

कागदाचा प्रश्न लांबला की काय होतं, ते पुण्याच्या भिडे वाड्याने दाखवलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या या वाड्यात. वाड्याचं स्मारक करायचं, हे महापालिकेने ठरवलं. पण भाडेकरूंशी चाललेला वाद वर्षानुवर्षं न्यायालयात राहिला आणि तेवढ्या काळात वाडा ढासळत गेला. निकाल लागला तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला. आता तिथे नवं स्मारक होईल, ते व्हायलाच हवं. पण ज्या खोलीत त्या पहिल्या मुली बसल्या, ती खोली पुन्हा बांधता येत नाही. आपल्या गावच्या स्मारकाचा वाद असेल तर तो आज मिटवा, आणि वाद चालू असतानाही निदान छप्पर गळणार नाही एवढी तजवीज दोन्ही बाजूंच्या संमतीने करून घ्या.

मग कायदा. स्मारक केंद्र किंवा राज्य सरकारने संरक्षित केलेलं असेल, तर गावाने स्वतः काहीही करायचं नाही. संबंधित पुरातत्त्व विभागाला लेखी कळवायचं. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. १९५८च्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीने हे ठरलं आहे. आपल्या गावातली बहुतेक ठिकाणं कुठल्याच यादीत नसतात, म्हणून जबाबदारी आपली जास्त. तरीही राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला एक पत्र आणि फोटो पाठवा. आजूबाजूला शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कोरीव दगड सुटा पडलेला असेल तर तो उचलून दुसऱ्या देवळात नेऊन बसवू नका. खोदताना काही सापडलं तर काम थांबवून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना खबर द्यायची. १८७८च्या निखात निधी कायद्याने ते बंधनकारक आहे. ही गोष्ट दूरची वाटू देऊ नका. २०२४ साली सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या परिसरात जतनाचं काम चालू असताना जमिनीखालून जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. जमीन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उकरली जात होती, म्हणून ती मूर्ती नीट हाती आली. जेसीबी लावला असता तर काय हाती आलं असतं याचा विचार करा.

सतीशिळांबद्दल दोन शब्द. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि वर चंद्र-सूर्य असा दगड विदर्भात बऱ्याच गावांच्या शिवेवर दिसतो. तो इतिहासाचा पुरावा आहे, जपलाच पाहिजे. पण त्याला कर्तबगार स्त्रीचं स्मारक म्हणून शेंदूर, उत्सव, मंदिर असं रूप देऊ नका. १९८७च्या कायद्याने सतीप्रथेचं उदात्तीकरण गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या दगडाखालची बाई आपल्या इच्छेने गेली की नाही, हे दगड सांगत नाही. त्याला सावली द्या, पाण्यापासून वाचवा, तेवढं पुरे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. एक अख्खा पावसाळा फक्त पाहण्यात घालवा. मृगापासून हस्तापर्यंत दर जोराच्या पावसानंतर कुणीतरी जाऊन फोटो काढायचे: पाणी कुठे साचतं, कुठून झिरपतं, कुठली भिंत किती दिवस ओली राहते. आपल्याकडच्या नव्वद टक्के दुखण्यांचं मूळ पाण्यात असतं, असं मला ठामपणे वाटतं. त्यातून आपली काळी कसदार माती. ती पावसात फुगते आणि एप्रिल-मेच्या उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असेल तर इमारत दर वर्षी थोडी उचलली जाते, थोडी बसते. भिंतीला भेग दिसली की ती लगेच सिमेंटने बुजवण्याचा मोह होतो. तो आवरा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. वर्षभरात काच तडकली तर भेग अजून चालू आहे. मग अभियंत्याला बोलवा. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, ती भरता येईल.

पाण्याचा बंदोबस्त स्वस्तात होतो. ओट्याभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा. दहा फुटांत तीन-चार इंचांचा उतार भागतो. वर्षानुवर्षं साचलेली माती काढून मूळ जोतं मोकळं करा. भिंतीला चिकटून काँक्रीटची पट्टी ओतू नका. जमिनीतला ओलावा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि तो भिंतीत वर चढतो. तिथे गिट्टी पसरा. पिंपळ-उंबराचं रोप उगवलं असेल तर ओढून काढू नका. मूळ दगडांत शिरलेलं असतं, ओढलं की दगडासकट येतं. खोड बुडाशी कापा, ताज्या कापावर तणनाशक लावा, पुन्हा फुटलं तर पुन्हा. पूर्ण वाळल्यावरच मुळं मोकळी करा.

चुन्यावर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. साधारण शंभर वर्षांपूर्वीपर्यंतचं दगडी आणि विटांचं पक्कं काम बहुतेक चुन्यात केलेलं असतं. चुना मऊ असतो, श्वास घेतो. भिंतीत गेलेलं पाणी दर्जांतून, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांतून, वाफ होऊन निघून जातं, आणि इमारत किंचित हलली तरी चुना ते सोसतो. सिमेंट त्याहून कडक आणि कोंदट. दर्जा सिमेंटने भरल्या की पाण्याला दगडातून किंवा विटेतून वाट काढावी लागते. सोबतचे क्षार पृष्ठभागावर येऊन साचतात, लोणा लागतो आणि विटेचा, दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळू लागतो. दुरुस्ती शाबूत राहते, मूळ वास्तू झिजते. चांगल्या जतनात याच्या उलट व्हायला हवं: झिजायचं असेल तर दर्ज झिजावी, ती पुन्हा भरता येते.

दुकानातली चुन्याच्या भुकटीची जुनी पिशवी या कामाला घेऊ नका. कळीचा चुना आणा आणि खड्ड्यात किंवा टाकीत पाण्यात विरवा. विरताना तो उकळतो. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि लहान मुलं लांब, यात तडजोड नको. गाळून घेतलेला लोण्यासारखा चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर उत्तमच. वाळू धारदार, धुतलेली, मातीविरहित. एक भाग चुना, तीन भाग वाळू हे सुरुवातीचं माप. सतत ओल असणाऱ्या जागी, विहिरीच्या कठड्याला, जोत्याला, वाळूतला काही भाग कमी करून विटेची बारीक सुरखी घाला. तिने चुना ओलीतही धरतो. गूळ, मेथी, बेलफळ, उडीद यांच्या कथा प्रत्येक जाणता मिस्त्री सांगेल. त्यांत तथ्य आहे, पण प्रमाण चुकलं तर बुरशी येते. म्हणून आधी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला फूटभर जागेत नमुना करा आणि महिनाभर पाहा.

जुनी दर्ज काढायला ग्राइंडर वापरू नका. दगडाच्या कडा कापल्या जातात. छिन्नी आणि हलका हातोडा. दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट खोल मोकळं करा, झाडून पाण्याने भिजवा, मग नहल्याने दाबून भरा. मसाला दगडाच्या कडेपासून किंचित आत राहिला पाहिजे. दगडावर पसरवून त्यावर खोट्या रेघा ओढण्याची पद्धत बंद करा. त्यानंतर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. आपल्या वैशाखात हे काम केलं तर चुना धरण्याआधीच करपून भुगा होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम.

बदली दगड लागला तर जुन्याशी जुळणारा घ्या. गिरडच्या टेकडीवर सापडणाऱ्या गोट्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचा दगड झाला म्हणतात. भूशास्त्राच्या भाषेत ती आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइटसारखी खनिजं आहेत. अशा पांढऱ्या गोट्यांनी भरलेला, मऊ पडलेला दगड बांधकामात लवकर झिजतो. घट्ट, एकजीव, हातोड्याखाली टणत्कार देणारा काळा दगड निवडा. जुना दगड थोडा फुटका असला तरी जागेवर राहू द्या. बदलायचा तो फक्त भार पेलू न शकणारा.

अक्षरं कोरलेली असतील तर त्यांत रंग भरू नका. रंग भरणारा माणूस आपल्याला वाटतं ते अक्षर रंगवतो आणि पुढच्या वाचकाची दिशा चुकते. रात्री बाजूने, भिंतीला घासून जाईल असा टॉर्चचा उजेड पाडून फोटो काढा. दिवसा न दिसणारी अक्षरं उठून दिसतात. साफसफाई मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, प्रेशरने पाणी मारणं नको. ऑइलपेंटचे किंवा शेंदराचे जाड थर असतील तर ते काम पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांचं. इथेच रामटेकचा शिलालेख आठवावा.

मातीच्या वास्तूंसाठी आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात आले. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती आधी मीराबेन यांची राहण्याची आणि काम करण्याची जागा होती. शेजारी बा कुटी आहे. आदि निवासात सगळ्यांसोबत राहताना कस्तुरबांना एकांत मिळत नव्हता, म्हणून जमनालाल बजाज यांनी ती वेगळी बांधून दिली. माती, बांबू, लाकूड, कवेलू यांची ही घरं इतकी वर्षं उभी आहेत, कारण त्यांना सतत हात लागतो: सारवण, लिपण, पावसाळ्याआधी कवेलू फेरणं. गावातल्या मिस्त्रींना आणि बचतगटाच्या बायांना घेऊन एकदा ती घरं याच नजरेने पाहून या. छपराची पागोळी भिंतीपासून किती लांब पडते, जोतं किती उंच आहे, माती कुठली वापरली आहे, हे पाहा. लिपणाला काळी माती चालत नाही, तडकते; गावठाणातली पांढरी माती घ्या, तिच्यात गव्हाचं कुटार आणि शेण मिसळून आठवडाभर भिजत ठेवा, पायाने तुडवा. हे ज्ञान पुस्तकांत कमी आणि गावातल्या साठीच्या पुढच्या बायांच्या हातांत जास्त आहे. त्यांना मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून बोलवा आणि जाणकाराची मजुरी द्या.

त्याच बायांकडे आणखी एक ठेवा असतो. जिच्या नावाने स्मारक आहे ती नेमकी कोण होती, हे शोधायला त्यांच्याशीच बोला. लेखी कागदात बाई बहुतेक वेळा कुणाची तरी पत्नी किंवा विधवा म्हणून येते. तिचं माहेर, तिचं लहानपणीचं नाव, तिने काय सोसलं ते गावच्या बोलण्यात आणि ओव्यांत राहतं. रेकॉर्डिंग करा, सांगणारीचं नाव आणि तारीख लिहा, आणि दोघींनी सांगितलेलं जुळत नसेल तर दोन्ही ठेवा. माहितीफलक लावाल तेव्हा तो स्मारकावर खिळ्यांनी ठोकू नका, बाजूला वेगळा उभा करा. त्यावर बाईचं स्वतःचं नाव ठळक लिहा, माहेरचंही. प्रभावतीगुप्तेने ताम्रपटात आपल्या माहेरच्या गुप्त घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं कोरून घेतली होती, हे लक्षात ठेवा. देणगीदारांची नावं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लावा, स्मारकावर नकोत.

पैशाचं बोलायचं तर अशा लहान कामाला फार लागत नाही, पण चुकीच्या पद्धतीने लागतो. सरकारी निधी मागितला की अंदाजपत्रकात सहसा सिमेंट, टाइल आणि पेव्हर ब्लॉक येतात, कारण नेहमीच्या कामांची दरसूची तशीच असते. म्हणून अंदाजपत्रकाआधी जतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून टिपण घ्या. इन्टॅक या वारसा-जतन संस्थेची नागपुरात शाखा आहे, तिथे विचारता येतं. चुना, सुरखी, हातकाम आणि ‘सिमेंट वापरायचं नाही’ ही अट करारात लिहून घ्या. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार राष्ट्रीय वारशाचं जतन हे कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून करता येणाऱ्या कामांत मोडतं. जिल्ह्यातल्या कारखान्यांना असा नीट केलेला प्रस्ताव दाखवा. राज्य संरक्षित स्मारक असेल तर ‘महाराष्ट्र वैभव’ संगोपन योजनेखाली संस्थांना ते देखभालीसाठी घेता येतं.

आणि हा सगळा विचार आधी महिला ग्रामसभेत मांडा. ती सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी घेणं कायद्यानेच सांगितलं आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच उरकते. बायांच्या स्मारकाचा ठराव तिथे होऊ द्या, देखरेख समितीत निम्म्याहून अधिक बाया असू द्या, आणि त्यांच्या सहीशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही अशी तरतूद करा.

काम पुरं झाल्यावर एक जाड वही घ्या. तिच्यात कामाआधीचे आणि नंतरचे फोटो चिकटवा, कुठला दगड बदलला, मसाल्याचं माप काय होतं, कुठल्या मिस्त्रीने केलं, किती पैसे लागले, सगळं लिहा. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत. मग वर्षातून दोन फेऱ्या ठरवा. एक मृगाआधी: पन्हाळी, कवेलू, रोपं, उतार. दुसरी दिवाळीनंतर: दर्जा, भेगा, लोणा. शाळेतल्या नववीच्या मुली ही पाहणी सहज करू शकतात, त्यांना फक्त दाखवून द्यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात ‘स्मारक देखभाल’ असं वेगळं शीर्ष उघडून त्यात दर वर्षी थोडी रक्कम ठेवा, अगदी दोन-चार हजार का असेना. गळकं कवेलू त्याच आठवड्यात बदलायला तेवढी पुरते.